पोकळा, शेवगा आणि डोळ्यांचा पडदा : भाजीतल्या रंगांबद्दल बोलूया

कपिलतीर्थ

डोळ्यांसाठी गाजर खावं, हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. पण गाजरातलं नेमकं काय डोळ्यात जातं आणि तिथे काय करतं, हे विचारलं की गाडी ‘व्हिटॅमिन ए’वर येऊन थांबते. हल्ली ओळखीतली मंडळी आईवडिलांसाठी ल्युटीनच्या कॅप्सूल आणायला लागली आहेत, आणि त्याच घरांत पोकळ्याची जुडी फ्रीजच्या तळाला पिवळी पडलेली दिसते. हे बघून राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. मी बरीच वर्षं गृहविज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. सांभाळून घ्या असं म्हणणार नाही, उलट प्रश्न विचारा.

वनस्पतींमधल्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांच्या एका मोठ्या कुळाला कॅरोटिनॉइड्स म्हणतात. निसर्गात असे सहाशेच्या वर रंग सापडले आहेत. आपलं शरीर ते बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. डोळ्यांच्या बाबतीत त्यांची दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि सगळा घोळ ही दोन कामं एकच समजल्यामुळे होतो.

पहिलं काम जीवनसत्त्व अ पुरवण्याचं. बीटा कॅरोटीन आणि त्याची एक-दोन भावंडं आतड्यात तुटतात आणि त्यांचं जीवनसत्त्व अ होतं. पडद्यावरच्या ज्या पेशी अंधुक उजेडात बघतात, त्यांतला ऱ्होडॉप्सिन नावाचा पदार्थ या जीवनसत्त्वाशिवाय तयारच होत नाही. ते कमी पडलं की आधी संध्याकाळी दिसायचं कमी होतं, मग डोळे कोरडे पडतात, आणि लहान मुलांत फारच कमतरता झाली तर बुबुळ खराब होऊन कायमचं अंधत्व येतं. दृष्टीमागची ही रासायनिक साखळी उलगडल्याबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर.

दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही. पडद्याच्या मध्यभागी, जिथे वाचायची, सुईत दोरा ओवायची, समोरच्याचा चेहरा ओळखायची नजर असते, तिथे एक पिवळसर ठिपका असतो. त्याला मॅक्युला म्हणतात. तो पिवळा असतो कारण तिथे ल्युटीन आणि झियाझँथिन हे दोन कॅरोटिनॉइड्स साठलेले असतात. रक्तात बीटा कॅरोटीन, लायकोपीन वगैरे बाकीचेही फिरत असतात, पण त्या ठिपक्यात शरीर निवडून हे दोनच (आणि ल्युटीनपासून तिथेच तयार होणारं त्यांचं एक भावंड) साठवतं. ते निळा प्रकाश पेशींपर्यंत पोचायच्या आधीच शोषून घेतात आणि सतत उजेडात राबणाऱ्या त्या पेशींची झीज कमी करतात. यांचं जीवनसत्त्व अ होत नाही. म्हणजे एकाचं काम दुसरा करू शकत नाही.

आता गाजर बघा. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात साधारण ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. त्यातून सव्वाआठशे मायक्रोग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व अ मिळतं, म्हणजे एका बाईची दिवसाची गरज जवळजवळ भागली. पण त्याच गाजरात ल्युटीन जेमतेम पाव मिलिग्रॅम. उलट १०० ग्रॅम शिजवलेल्या पालकात ल्युटीन आणि झियाझँथिन मिळून ११ मिलिग्रॅमच्या घरात, शिवाय बीटा कॅरोटीनही भरपूर. त्या पिवळ्या ठिपक्यासाठी खायचं तर गाजराच्या आधी हिरवा पाला.

हिरव्या पानात पिवळा रंग कुठून आला, हे मुली वर्गात नेहमी विचारायच्या. तो असतोच, हरितद्रव्याखाली झाकलेला. इथल्या, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटातून आणलेली मेथी दोन-तीन दिवस तशीच राहिली की खालची पानं पिवळी पडतात ना? तेव्हा नवीन रंग तयार होत नाही. हिरवा उडून जातो आणि आधीपासून असलेला पिवळा दिसायला लागतो.

पोकळा, शेवग्याचा पाला, मेथी, चाकवत, पालक, कोथिंबीर, शेपू हे सगळं आपल्याकडे वडणगे-चिखलीच्या बायका रोज सकाळी घेऊन बसतात. कॅप्सूल कुणाला लागते आणि कुणाला नाही, त्यावर डॉक्टर मंडळींनी लिहावं.

---

सईची_आई

छान लिहिलंय मॅडम. माझी मुलगी चौथीत आहे, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतोय. सासूबाई रोज गाजर-बीटचा रस देतात, नंबर जाईल म्हणून. खरंच जातो का? आणि रसाने तिचे तळहात पिवळे-नारिंगी दिसायला लागलेत, त्याचं टेन्शन आलंय. कावीळ तर नसेल ना?

---

शिरोळकर

नमस्कार. आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या हिशेबानं झेंडू असतो. मागं एक व्यापारी सांगत होता की दक्षिणेत झेंडूची फुलं कंपन्या टनानं घेत्यात, त्यातनं डोळ्याचं औषध काढत्यात. आम्हाला वाटलं मालाचा भाव पाडायला काहीतरी सांगतोय. हे ल्युटीन म्हंजे तेच का? तसं असंल तर फुलं वाळवून घरी खाल्ली तर चालतील का, असंही आमच्या घरात विचारत्यात.

---

कपिलतीर्थ

शिरोळकर दादा, तो व्यापारी खरं सांगत होता. बाजारातलं बहुतेक ल्युटीन झेंडूच्या पाकळ्यांतूनच काढलेलं असतं. नारिंगी जातीत ते जास्त असतं. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक या पट्ट्यात त्यासाठी झेंडूची करार शेती चालते. त्याच पाकळ्यांचा अर्क कोंबड्यांच्या खाद्यातही जातो, बलकाला गडद पिवळा रंग यावा म्हणून. पण हाराचा झेंडू घरी वाळवून खाऊ नका. त्यावर फवारण्या झालेल्या असतात, त्या खाण्याच्या हिशेबाने केलेल्या नसतात. आणि पाकळीतलं ल्युटीन तेलकट रूपात बांधलेलं असतं, ते कारखान्यात सोडवून घ्यावं लागतं. तुमच्या बांधावर शेवगा असेलच. तो खा.

सईच्या आई, तळहात-तळपाय नारिंगी होणं हे बीटा कॅरोटीन जास्त झाल्याचं लक्षण. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नव्हे. रस कमी केला की काही आठवड्यांत रंग उतरतो, त्याने अपाय होत नाही. मात्र डोळे पिवळे वाटले किंवा लघवी गडद झाली तर लगेच दाखवा. बीटचा लाल रंग या कुळातला नाही, तो वेगळाच पदार्थ आहे. बीट द्या हवं तर, पण डोळ्यांसाठी म्हणून नको.

नंबराबद्दल डॉक्टरांनी सांगावं.

---

नेत्रसेवा

मी नेत्रतज्ज्ञ आहे, इथे नाव देत नाही. हा प्रश्न मला ओपीडीत रोज येतो.

उणे नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा लांबीला जास्त वाढलेला असतो, त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. गाजर, पालक, बदाम, तूप, कशानेही वाढलेला गोळा आखूड होत नाही. सईची_आई, तुम्ही करू शकता ती गोष्ट वेगळी आहे: मुलीला रोज दिवसाउजेडी बाहेर खेळू द्या, दोन तास मिळाले तर उत्तम. मोकळ्या उजेडात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांत नंबर लागायचं प्रमाण कमी असतं, हे अभ्यासांतून चांगलं सिद्ध झालंय. ज्यांना नंबर लागलाच आहे त्यांच्यात वाढ किती मंदावते, याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. तरीही बाहेर खेळणं फायद्याचंच. नंबर झपाट्याने वाढत असेल तर तो मंदावण्यासाठी खास थेंब आणि खास काचा मिळतात, डॉक्टरांना विचारा. आणि चष्मा पूर्ण वेळ लावा. ‘लावला तर नंबर वाढतो’ या समजुतीपायी मुलांचं नुकसान झालेलं मी बघतो.

आता कॅप्सूल. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने दोन मोठे प्रयोग केले. पहिल्याचे निष्कर्ष २००१ साली आले, दुसऱ्याचे २०१३ साली. आजार होता वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज, आम्ही तिला एएमडी म्हणतो. पहिल्या प्रयोगात क आणि ई जीवनसत्त्वं, जस्त, तांबं आणि बीटा कॅरोटीन असं मिश्रण दिलं. झीज मधल्या टप्प्यावर असलेल्या किंवा एका डोळ्यात पुढे गेलेल्या लोकांमध्ये ती शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या प्रयोगात ४,२०३ माणसं होती, वय ५० ते ८५. त्यात १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन जोडून बघितलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर जादा फायदा ठळक दिसला नाही. पण ज्यांच्या जेवणात ल्युटीन सगळ्यात कमी होतं, त्यांना फायदा झाला, धोका २६ टक्क्यांनी घटला. बीटा कॅरोटीन काढून त्या जागी ल्युटीन घातलेलं मिश्रण जास्त सुरक्षित ठरलं.

हे सगळं ज्यांना आजार मधल्या टप्प्यावर आहे त्यांच्यासाठी. ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांना गोळी घेऊन एएमडी होतच नाही, असं यातून निघत नाही. मोतीबिंदूही या गोळ्यांनी टळत नाही, तेही तिथेच तपासलं होतं. आणि टप्पा कोणता, हे बाहुली मोठी करून पडदा तपासल्याशिवाय कळत नाही. दुकानाच्या काउंटरवर तर नाहीच.

---

तांबडा_पांढरा

मॅडम, एक शंका. आमचा मसाला कांडपाचा धंदा हाय. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, हे गिऱ्हाईक बरोबर सांगतंय. तर मिरचीचा लाल रंग पण ह्याच कुळातला का? कारण तिखट उन्हात ठेवलं की महिन्याभरात रंग उडतो, ते आम्ही रोज बघतो. तसं असंल तर कोल्हापूरकरांचे डोळे लई भारी पाहिजेत बघा, तांबडा रस्सा तर आठवड्याला हायच.

---

कपिलतीर्थ

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, भाऊ. पिकलेल्या मिरचीतला मुख्य लाल रंग कॅप्सँथिन, तो कॅरोटिनॉइडच. सोबत बीटा कॅरोटीन आणि झियाझँथिनही असतं. उजेड, हवा आणि उष्णता हे या सगळ्या रंगांचे शत्रू, म्हणून तिखट बंद डब्यात आणि अंधारात ठेवायचं.

तांबड्या रश्श्यात एक गोष्ट मात्र फार छान दिसते. फोडणीत चटणी पडली की लाल रंग पाण्यात जात नाही, तेलात जातो. रस्सा जरा निवला की वर जो लाल कट येतो, तो म्हणजे तेलात विरघळलेले हे रंग. आतड्यातही हेच घडतं. जेवणात थोडी तरी चरबी असल्याशिवाय कॅरोटिनॉइड्स रक्तात नीट जातच नाहीत. फार लागत नाही, जेवणामागे चमचाभर तेल-तूप पुष्कळ झालं. वजन कमी करायचं म्हणून नुसता उकडलेला पालक खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मात्र मिरचीच्या भरवशावर डोळे सोपवू नका. आपण तिखट खातो ते चमच्याने, भाजी खातो वाटीने. आणि कट म्हणजे शेवटी तेल. रक्तदाब-कोलेस्टेरॉलवाल्यांना रोज तो परवडत नाही.

शिजवण्याबद्दलही लिहिते. क जीवनसत्त्व उष्णतेने उडतं, पण कॅरोटिनॉइड्स बऱ्यापैकी टिकतात. उलट भाजी बारीक चिरून शिजवली की पेशींच्या भिंती मोडतात आणि रंग जास्त मोकळा होतो. कच्च्या गाजरापेक्षा तेलातूपात परतलेलं गाजर या बाबतीत सरस. पानांपेक्षा पिकल्या फळांतलं कॅरोटीन आणखी सहज शोषलं जातं, म्हणून पपई आणि आंबा आकड्यांत मागे असूनही कामाचे. तांबडा भोपळा तर स्वस्त, टिकाऊ आणि मुलांना गोड लागणारा. पिवळ्या मक्यात ल्युटीन-झियाझँथिन आहे, पांढऱ्या मक्यात जवळजवळ नाही. आपल्या पांढऱ्या ज्वारीत नावापुरतंच, म्हणून भाकरीच्या जोडीला पालेभाजी हवी. रताळं घेतलं तर आतून नारिंगी असेल ते. पांढऱ्या रताळ्यात बीटा कॅरोटीन फारसं नसतं.

---

मंगळवार_पेठ

मला इथे जरा घाईने विचारायचंय. वडील ७१ वर्षांचे. वाचताना ओळी मधेच वाकड्या दिसतात म्हणाले, म्हणून एका चष्म्याच्या दुकानात नेलं. त्यांनी पडदा वगैरे काही बघितला नाही, ‘वयाचं आहे’ म्हणाले आणि डोळ्यांची ताकद वाढवणाऱ्या कॅप्सूलचा मोठा डबा दिला. डब्यावर बीटा कॅरोटीन लिहिलंय, ल्युटीन अगदी थोडं. वडील चाळीस वर्षं बिडी ओढत होते, आता कमी केलीय पण सुटली नाही. हे द्यावं का?

---

नेत्रसेवा

देऊ नका. आणि त्याहून महत्त्वाचं, वडिलांना उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

आधी डब्याचं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला होता, निष्कर्ष १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या अशाच एका प्रयोगात तो २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि १९९६ साली तो प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याला किंवा पूर्वी ओढत असलेल्यालाही बीटा कॅरोटीनची गोळी द्यायची नाही. हे गोळीबद्दल आहे. गाजर, भोपळा, पालेभाजी त्यांनी खुशाल खावी. आणि मॅक्युलाच्या झिजेला विडी-सिगारेटइतकं खतपाणी घालणारी दुसरी टाळता येण्याजोगी गोष्ट नाही.

आता ओळींचं. सरळ रेषा वाकड्या दिसणं, मध्यभागी डाग किंवा धूसरपणा येणं ही मॅक्युलात पाणी किंवा रक्त झिरपत असल्याची खूण असू शकते. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते, पण लवकर आलं तरच. इथे आठवडे घालवायचे नसतात. घरी बघायचं तर चौकटींचा कागद घ्या, त्यावर मधोमध एक ठिपका काढा, जवळचा चष्मा लावून वाचायच्या अंतरावर धरा, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगा, मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून घेतो आणि माणसाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. दाराची चौकट, फरशीच्या रेघा यांवरही कळतं. पण हे बघून ‘बरं दिसतंय’ म्हणून घरी बसू नका. वडिलांनी तक्रार केलीय, तेवढं पुरेसं आहे.

---

गंगावेश

मंगळवार पेठ भाऊ, आधी वडिलांना दाखवा, बाकी सगळं नंतर.

मॅडम, दुधाचं विचारायचं होतं. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या म्हशी. लोक म्हणतात गाईचं तूप पिवळं, त्यात कॅरोटीन असतं, म्हशीचं पांढरं म्हणून डोळ्यांना उपयोग नाही. कट्ट्यावर रोज कुणीतरी हे ऐकवतं. तथ्य आहे का?

---

कपिलतीर्थ

अर्धंच. गाय ओल्या चाऱ्यातलं सगळं कॅरोटीन तोडत नाही, बरंचसं तसंच दुधाच्या साईत उतरवते, म्हणून तूप पिवळं. म्हैस ते जवळजवळ सगळं मोडून त्याचं जीवनसत्त्व अ करते आणि ते तयार रूपात साईत येतं. त्याला रंग नसतो. म्हशीचं तूप पांढरं आहे याचा अर्थ त्यात काही नाही असा नव्हे. डोळ्याच्या पहिल्या कामासाठी तुमचं धारोष्ण दूध चांगलंच. कट्ट्यावर हे सांगा. फक्त ल्युटीनसाठी दुधाकडे बघू नका. ते पाल्यात, मक्यात आणि अंड्याच्या बलकात. बलकात प्रमाण कमी असतं, पण सोबत चरबी असल्याने ते फार चांगलं लागू पडतं.

---

बावड्याची_लेक

मी मूळची गगनबावड्याकडची. आजी सांगायची, तिच्या लहानपणी गोवर येऊन गेला की वाडीतल्या पोरांना दिवेलागणीनंतर दिसायचं नाही. पोरं भिंत चाचपत घरात यायची. मग त्यांना शेवग्याचा पाला आणि टाकळा खाऊ घालायचे, आणि काहींचं सुधारायचं. मला ती लोकांची श्रद्धा वाटायची. इथे वाचून वाटतंय की त्यात खरंच काही होतं.

पावसाळ्यात आमच्याकडे टाकळा, कुर्डू, भारंगी, पाथरी निघते. आता शहरात त्या रानभाज्या महोत्सवात मिळतात आणि गावात मात्र पोरं पाकिटातलं खातात. हे बघून फार वाईट वाटतं.

---

कपिलतीर्थ

तुमच्या आजीला दिसलं ते शंभर टक्के खरं. गोवरात शरीरातला जीवनसत्त्व अ चा साठा झपाट्याने संपतो, म्हणून गोवरानंतर रातांधळेपणा येतो, बुबुळही जाऊ शकतं. आज गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर जीवनसत्त्व अ चा मोठा डोस देतात तो याचसाठी. आपल्या देशात १९७० सालापासून लहान मुलांना हा डोस द्यायचा कार्यक्रम आहे: नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिट, मग दीड वर्षाच्या सुमाराला दोन लाख, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट मिळतो. धाग्यावर लहान मुलांचे आईबाप असतील त्यांनी कार्ड काढून बघा, पुढचे डोस बरेच जण विसरतात. मात्र स्वतःच्या मनाने जास्तीचा डोस देऊ नका. तयार जीवनसत्त्व अ शरीरात साठतं आणि जास्त झालं की विषारी ठरतं, गरोदरपणात तर बाळाला व्यंग येऊ शकतं. भाजीतल्या कॅरोटीनला हा धोका नाही, शरीर गरजेपुरतंच त्याचं रूपांतर करतं.

रानभाज्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. त्या ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. तुम्हाला येत असतील तेवढ्या भाज्यांवर वेगळा धागा काढा, फोटोंसह.

---

निशिगंधा

सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी पालेभाज्या जपून खा म्हणून सांगितलंय. मग त्यांनी ल्युटीनसाठी काय करावं? त्यांना मधुमेहही आहे.

---

नेत्रसेवा

त्या गोळीचा आणि पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाचा झगडा असतो. बहुतेकांना पूर्ण बंदी नसते, प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं. एकदम पालेभाजीचा सपाटा लावला तर गोळीचा परिणाम कमी होऊन गुठळी व्हायचा धोका असतो. त्यामुळे बदल करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा आणि रक्ताची तपासणी वेळेवर करा. मका, बलक यांचा पर्याय आहे, पण मधुमेहाच्या हिशेबात बसवून.

मधुमेहाबद्दल निक्षून सांगतो: वर्षातून एकदा पडद्याची तपासणी. साखरेमुळे पडद्याला होणारा त्रास कोणत्याही भाजीने किंवा कॅप्सूलने थांबत नाही. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं आणि वेळेवर लेझर किंवा इंजेक्शन, एवढाच मार्ग. नजर चांगली असतानाच आत बिघाड सुरू झालेला असतो.

---

सईची_आई

डॉक्टर, मनापासून आभार. संध्याकाळी तिला रंकाळ्यावर सोडायला सुरुवात केलीय, सासूबाईच नेतात. आता शेवटचा प्रश्न मॅडमना. पालेभाजी बघितली की सई ताट सरकवते. तुम्ही घरी कसं करता?

---

कपिलतीर्थ

आमच्याकडे चालतं ते सांगते. शेवग्याचा कोवळा पाला काड्या काढून निवडायचा, कोवळा असला की कडू लागत नाही. मूठभर तूरडाळ अर्धवट शिजवून घ्यायची. कढईत तेल तापलं की ठेचलेला लसूण तांबूस होऊ द्यायचा, कांदा, मग चिरलेला पाला. तो झाकण न ठेवता परतायचा. पाला बसला की डाळ, मीठ, चिमूटभर कांदा-लसूण चटणी आणि वरून शेंगदाण्याचा कूट. कुटातलं तेलही कॅरोटीन शोषायला मदत करतं. मुलांसाठी चटणी वगळा आणि किंचित गूळ घाला.

तरीही खात नसेल तर हाच पाला बारीक चिरून थालीपिठाच्या किंवा धपाट्याच्या पिठात मळा. तांबड्या भोपळ्याच्या घाऱ्या कुठलंच मूल नाकारत नाही. पोकळ्याचं पातळ बेसन करून बघा.

---

शिरोळकर

मॅडम, शेवग्याचा पाला वाळवून पूड करून ठेवली तर वर्षभर चालंल का? बांधावर ढीगभर हाय, वाया जातोय.

---

मंगळवार_पेठ

काल वडिलांना दाखवलं. पडद्याचा स्कॅन काढला. उजव्या डोळ्यात पाणी झिरपतंय असं निघालं, पहिलं इंजेक्शन या आठवड्यात आहे. डावा डोळा मधल्या टप्प्यावर, त्यासाठी ल्युटीनवालं, बीटा कॅरोटीन नसलेलं मिश्रण लिहून दिलंय. डॉक्टर म्हणाले बिडी आजपासून बंद. नेत्रसेवा, तुम्ही ‘उद्याच’ असं लिहिलं नसतं तर आम्ही महिना काढला असता. घरातले सगळे तुमचे ऋणी आहेत.

---

नेत्रसेवा

चांगलं केलंत. इंजेक्शनं बहुतेक वेळा एकावर भागत नाहीत, दिलेल्या तारखा चुकवू नका, मधे बरं वाटलं तरी. डावा डोळा रोज चौकटीच्या कागदावर तपासत राहा. बिडी सोडताना त्रास झाला तर त्यासाठीही औषधं आणि समुपदेशन मिळतं, मोकळेपणाने मागा.

---

कपिलतीर्थ

मंगळवार पेठ, वाचून जीव भांड्यात पडला. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

शिरोळकर दादा, पूड चालते, पण उन्हात वाळवायचा नाही. उन्हात पाला करकरीत वाळतो आणि कॅरोटीन बरंचसं उडून जातं. धुऊन, पाणी निथळून, सावलीत वारा लागेल अशा खोलीत पातळ पसरायचा, दिवसातून दोनदा हलवायचा. हिरवागार राहून हातात चुरला गेला पाहिजे, तपकिरी झाला तर समजायचं रंग गेला. पूड हवाबंद, अपारदर्शक डब्यात, गारव्याला. वर्षभर ठेवू नका, तीन-चार महिन्यांत संपेल एवढीच करा. भाकरीच्या पिठात भाकरीमागे एक चमचा घाला, आणि ती भाकरी लोणी किंवा तेल-चटणीबरोबर खा. जास्तीचा ओला पाला जुड्या बांधून मार्केटला पाठवलात तर इथल्या आम्ही बायका नक्की घेऊ, हल्ली शोधूनही मिळत नाही.